वारं गेलं तेव्हा घड्याळात किती वाजले होते?
पक्षाघाताच्या पहिल्या मिनिटापासून घरी परतण्यापर्यंत, घरच्यांसाठी

"आत्याला वारं गेलंय, लवकर ये." सकाळी फोनवर एवढंच कळलं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून पुण्यापर्यंतच्या त्या दिवसात मी जे शिकलो, आणि नंतर डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजून घेतलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. पण पक्षाघाताच्या पहिल्या दोन-तीन तासांतले बहुतेक निर्णय डॉक्टर घेतच नाहीत. ते घेतात सून, पुतण्या, शेजारी आणि जीपवाला.

अंगावरून वारं जाणं हा आपला जुना शब्दप्रयोग, ऐकायला अगदी हळुवार. त्यात मेंदूचा पत्ताच नाही, आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. हात लुळा दिसतो म्हणून हाताला तेल चोळतात, पाय उचलत नाही म्हणून पायाला शेकतात. बिघाड झालेला असतो डोक्यात. एक तर मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते, नाहीतर फुटलेली. पहिला प्रकार जास्त आढळतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि उपचार मात्र एकमेकांच्या उलट असतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १ : ओळखा, आणि वेळ लिहून ठेवा

तीन गोष्टी तपासायला एक मिनिट लागतं. हसायला सांगा: तोंडाची एक बाजू खाली ओघळते का? डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा: एक हात हळूहळू खाली येतो का? साधं वाक्य बोलायला लावा, "माझं नाव अमुक, माझं गाव तमुक": जीभ जड झाली आहे का, शब्द भलतेच येतात का, की समोरच्याचं बोलणंच समजत नाही? (कच्चा पापड, पक्का पापड म्हणायला लावू नका. त्यात धडधाकट माणूसही नापास होतो.) यातलं एक जरी अचानक सुरू झालं असेल, तरी निघायचं.

आणखी दोन खुणा सुटून जातात. एकाएकी तोल जाणं, आणि एकाएकी एका डोळ्याने किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं. रक्तस्राव असेल तर बऱ्याचदा पूर्वी कधी झाली नाही अशी डोकेदुखी आणि उलटी होते. पण गुठळीचा झटका बहुतेकदा दुखत नाही, आणि हाच त्याचा कावा. छातीत कळ आली की माणूस घाबरतो. हात जड झाला की म्हणतो, "जरा पडतो, उठल्यावर बघू."

आता घड्याळ. रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "यांना शेवटचं नीट कधी पाहिलं?" आम्ही सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं, "सकाळी." त्या उत्तराचा काडीचाही उपयोग नव्हता. आत्या ओट्यापाशी खाली बसलेली सापडली सव्वासातला, पण झटका त्याआधी कधीही आलेला असू शकतो. मग चुलतभावाला आठवलं की साडेसहाला दूधवाला आला होता आणि आत्याने त्याच्याशी महिन्याचा हिशोब केला होता, सुट्ट्या पैशांसकट. वैद्यकीय घड्याळ तिथून, म्हणजे साडेसहापासून सुरू झालं.

नियम असा: लक्षणं कधी दिसली ही वेळ वेगळी, आणि माणूस शेवटचा ठीक कधी होता ही वेळ वेगळी. दुसरी जास्त महत्त्वाची. झोपेतून उठतानाच हात लुळा असेल, तर रात्री झोपायला गेल्याची वेळ सांगायची. मध्ये लघवीला उठून ठीक चालले असतील तर ती वेळ. फोन कधी केला, व्हॉट्सअॅपवर शेवटचं काय टाकलं, टीव्हीवर कुठली मालिका सुरू होती, हे सगळं इथे पुरावा ठरतं. वेळ हातावर पेनाने लिहा. घाबरलेल्या डोक्यात ती राहत नाही.

इतकी घाई का, याचा एक आकडा आहे. २००६ मध्ये अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी हिशोब मांडला की मोठी रक्तवाहिनी बंद झाली आणि उपचार मिळाला नाही, तर सरासरी दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात. ही सरासरी आहे, प्रत्येकाचा वेग निराळा. तो निराळेपणा का असतो, ते स्कॅनच्या पायरीत येईल.

पायरी २ : घरात काय करायचं नाही

ॲस्पिरिन देऊ नका. छातीत दुखलं की ॲस्पिरिन हे डोक्यात बसलेलं असतं, पण इथे रक्तवाहिनी फुटलेली असेल तर ते आगीत तेल. फुटली आहे की बंद झाली आहे हे स्कॅनशिवाय कोणालाही, अनुभवी डॉक्टरलाही, खात्रीने सांगता येत नाही.

बीपी मोजलं आणि १९० आलं, म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. ही सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. गुठळीच्या झटक्यात वाढलेलं बीपी हा काही अंशी शरीराने लावलेला पंप असतो. अडलेल्या भागाला आजूबाजूने थोडं रक्त त्याच्या जोरावर मिळत राहतं. चीनमध्ये २,४०४ रुग्णांवर झालेल्या 'इंटरॅक्ट-४' या अभ्यासात रुग्णवाहिकेतच बीपी उतरवून पाहिलं. २०२४ मध्ये निकाल आला तेव्हा एकूण गोळाबेरीज शून्य होती. पण आत डोकावलं तर रक्तस्रावाच्या रुग्णांना फायदा झाला होता आणि गुठळीच्या रुग्णांचं नुकसान. प्रशिक्षित माणसांच्या हातूनही स्कॅनआधी हा जुगारच ठरला, तर आपण घरात तो खेळू नये.

पाणी, चहा, लिंबू-सरबत, काहीही पाजू नका. गिळण्याचे स्नायू ढिले पडलेले असू शकतात आणि घोट श्वासनलिकेत जातो. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा. घरात शुगर तपासायचं यंत्र असेल तर एक थेंब रक्त घेऊन आकडा टिपून ठेवा. मधुमेहाच्या रुग्णात साखर फार उतरली की हुबेहूब पक्षाघातासारखं दिसतं. पण यंत्र शोधत बसू नका.

चप्पल हुंगवणं, कांदा फोडून नाकाला लावणं, कबुतराचं रक्त चोळणं. यावर मी फार लिहीत नाही. कबुतराच्या रक्ताची ऊब हाताला लागते, मेंदूतली गुठळी आहे तिथेच राहते आणि दोन तास जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांशी त्या क्षणी वाद घालू नका. "हो, येताना करू" म्हणा आणि गाडी काढा.

पायरी ३ : जवळचा दवाखाना की सीटी असलेलं रुग्णालय?

इथे आमचं चुकलं. आत्याला आधी तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे सीटी स्कॅन नव्हतं. सलाईन लावलं, "बघू, उतरेल" म्हणाले, आणि अडीच तास गेले. सलाईनने गुठळी विरघळत नाही. त्या डॉक्टरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण जिथे स्कॅन नाही तिथे या आजाराचा उपचार सुरूच होऊ शकत नाही.

म्हणून शोधायचं ते असं ठिकाण: चोवीस तास सीटी चालू असलेलं आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देणारं, त्यातलं जवळात जवळचं. जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा मोठं खासगी रुग्णालय असू शकतं. हे संकटाच्या वेळी शोधू नका, या आठवड्यात शोधा. फोन करून दोन प्रश्न विचारा: "रात्री दोन वाजता सीटी होतो का? पॅरालिसिसच्या पेशंटला गुठळी फोडायचं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का?" उत्तर देताना कोणी अडखळलं, तर ते ठिकाण यादीतून बाद. तार घालून गुठळी ओढून काढण्याची सोय आणखी मोजक्या शहरांत असते. त्यातलं सर्वांत जवळचं कोणतं तेही लिहून ठेवा.

१०८ ला फोन करा, आणि "पॅरालिसिस" हा शब्द स्पष्ट उच्चारा. "चक्कर आली" म्हणालात तर गांभीर्य पोचत नाही. रुग्णवाहिकेला फार उशीर होणार असेल आणि स्वतःची गाडी दारात असेल, तर वाट पाहू नका. निघाल्यावर रुग्णालयाला कळवा: वय, लक्षणं, शेवटचं ठीक कधी होते, किती वेळात पोचतो. सीटीचं टेबल मोकळं ठेवायला या एका फोनने मदत होते.

सोबत घ्या: चालू गोळ्यांची पाकिटं (चिठ्ठी शोधत बसू नका, पिशवीच उचला), आधार कार्ड, रेशन कार्ड, चार्जर. गोळ्यांत रक्त पातळ करणारं काही असेल तर ते सर्वांत आधी सांगायचं, कारण त्यावरून इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरतं. वेळ सांगू शकेल असा माणूस रुग्णासोबतच्या गाडीत हवा. आमच्याकडे तो मागच्या एसटीने येत होता.

पायरी ४ : स्कॅनच्या खोलीत काय चालतं

पहिला जगातला सीटी स्कॅन मेंदूचाच होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर तो झाला. आज तोच स्कॅन सेकंदांत होतो, आणि पक्षाघातात अजूनही पहिला मान त्याचाच.

साधा सीटी एकाच प्रश्नाचं पक्कं उत्तर देतो: रक्तस्राव आहे का? ताजं रक्त फिल्मवर पांढरं दिसतं, ते सहसा लपत नाही. गुठळीच्या झटक्यात मात्र पहिल्या काही तासांत साधा सीटी बराचसा स्वच्छ दिसू शकतो. इथे नातेवाईक फसतात. "रिपोर्ट नॉर्मल आलाय" म्हणून एकमेकांना फोन जातात, पेढ्यांची भाषा होते. लक्षणं असताना सीटी स्वच्छ असणं याचा बऱ्याचदा अर्थ असतो की रक्तस्राव नाही आणि मेंदू अजून फारसा मेलेला नाही, म्हणजे हालचाल करायला हीच वेळ आहे. त्या क्षणी घरी जायची भाषा करू नका. उलट विचारा, "मग इंजेक्शन देता येईल का?"

प्रारणाची (रेडिएशनची) भीती कोणी घातली तर: डोक्याच्या साध्या सीटीत सुमारे २ मिलिसिव्हर्ट प्रारण मिळतं. साधारण तेवढं माणसाला वर्षभरात निसर्गातून मिळतच असतं.

दुसरी पायरी सीटी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेतून डाय (रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून देतात ते द्रव्य) सोडतात, अंगात क्षणभर गरम लाट येते, आणि मानेपासून मेंदूपर्यंतच्या रक्तवाहिन्यांचं चित्र मिळतं. मोठी वाहिनी बंद असेल तर ती झाडाची फांदी तोडावी तशी मध्येच संपलेली दिसते. मूत्रपिंडाचा त्रास किंवा डायची ॲलर्जी असेल तर सांगा. पण एवढ्या तातडीत क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाच्या रक्त-तपासणीच्या) रिपोर्टसाठी थांबायचं की नाही, हा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

तिसरी गोष्ट म्हणजे परफ्युजन, आणि गेल्या काही वर्षांतलं संशोधन इथेच सगळ्यांत रंगलं आहे. शेतातलं उदाहरण घेतो. पाट मध्येच अडला की टोकाचे वाफे आधी करपतात. पण कडेच्या विहिरीची ओल पोचते ते वाफे सुकतात, माना टाकतात, तरी जिवंत असतात. पाट वेळेत मोकळा केला तर ते पुन्हा उभे राहतात. मेंदूतही तसंच. गुठळीच्या पलीकडचा थोडा भाग लगेच मरतो, आणि त्याच्याभोवतीचा मोठा भाग आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांच्या जिवावर काही तास तग धरतो. बंद पडलेला, पण जिवंत. परफ्युजन स्कॅनमध्ये डाय कुठे किती उशिरा पोचते यावरून संगणक रंगीत नकाशा काढतो: एवढं गेलं, एवढं वाचवता येईल. कुणाची विहीर भरलेली असते, कुणाची कोरडी. म्हणूनच एकाचा मेंदू तीन तासांत करपतो आणि दुसऱ्याचा बारा तासांनीही बराचसा जिवंत असतो.

या नकाशाने उपचाराचं घड्याळ कसं बदललं ते पाहा. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ६२४ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं की टीपीए हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या ३ तासांत दिलं तर फायदा होतो. २००८ मध्ये युरोपातल्या अभ्यासाने ती मर्यादा साडेचार तासांवर नेली. मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढण्याचा फायदा नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांच्या 'मिस्टर क्लीन' अभ्यासाने पहिल्यांदा ठामपणे दाखवला. तो २०१५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला, आणि तिथे मर्यादा होती ६ तासांची. मग आला 'डॉन' अभ्यास. त्यात ६ ते २४ तास उलटलेले, पण स्कॅनमध्ये मेंदूचा मेलेला भाग लहान असलेले २०६ रुग्ण घेतले. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे गुठळी काढलेल्यांत ४९ टक्के होते, न काढलेल्यांत १३ टक्के. पाठोपाठ 'डिफ्यूज-३' ने परफ्युजन नकाशावर निवडलेल्या १८२ रुग्णांत, ६ ते १६ तासांच्या टप्प्यात, ४५ विरुद्ध १७ टक्के दाखवले. दोन्ही अभ्यास २०१८ च्या जानेवारीच्या आसपासचे.

आत्या पुण्यात पोचली सव्वाबाराला. इंजेक्शनची वेळ अकराला संपली होती. २०१५ च्या हिशोबाने तारेची वेळही साडेबाराला संपणार होती. स्कॅनवर मेंदूच्या डाव्या बाजूची (उजवा हात-पाय हीच बाजू चालवते) मोठी वाहिनी बंद होती, पण करपलेला भाग लहान निघाला. गुठळी निघाली दुपारी दोनच्या सुमारास.

यावरून कोणी "म्हणजे २४ तास मिळतात" असा अर्थ काढू नये. त्या अभ्यासांत चाळणी लावून निवडलेले रुग्ण होते. उशीर झालेल्या बहुतेकांच्या स्कॅनवर वाचवण्याजोगं फारसं उरलेलं नसतं. मात्र "आता उशीर झाला, नेऊन काय उपयोग" हेही तितकंच चूक. मेंदूचा मोठा भाग गेलेला असला तरी गुठळी काढण्याचा काही फायदा होतो, असं २०२२ मध्ये जपानमधल्या आणि २०२३ मध्ये चीनसह इतर देशांतल्या अभ्यासांत दिसलं. त्यातले बरेच रुग्ण पुढेही परावलंबी राहिले, हे सोबत सांगायला हवं.

झोपेतून उठतानाच लक्षणं दिसणारे सुमारे पाचांत एक असतात. त्यांच्यासाठी एमआरआय कामाचा. डिफ्युजन नावाच्या चित्रात ताजी इजा काही मिनिटांतच चमकते. फ्लेअर नावाच्या दुसऱ्या चित्रात ती दिसायला साधारण साडेचार तास लागतात. पहिल्यात दिसतं आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे झटका बहुधा ताजा आहे. घड्याळ हरवलं तरी मेंदूच वेळ सांगतो. २०१८ च्या 'वेक-अप' अभ्यासात अशा ५०३ रुग्णांना घेतलं, आणि ज्यांना इंजेक्शन दिलं त्यांच्यात चांगले बरे झालेले ५३ टक्के, न दिलेल्यांत ४२ टक्के. तुमच्या रुग्णालयात एमआरआय असेल आणि वेळ माहीत नसेल, तर या तपासणीबद्दल जरूर विचारा. वेळ माहीत असेल तर एमआरआयच्या हट्टापायी सीटी लांबवू नका.

एमआरआयच्या दारात पेसमेकर, शरीरातली क्लिप, जुन्या अपघाताची प्लेट, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, सगळं सांगा. मंगळसूत्र, जोडवी, कमरेचा करदोटा काढा. चुंबक कायम चालू असतो, मशीन "बंद" दिसत असलं तरी. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात नातेवाईकाला ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत पाठवलं गेलं आणि त्यात त्याचा जीव गेला. कोणीही, अगदी गणवेशातल्या माणसाने सांगितलं तरी, लोखंडाची वस्तू घेऊन त्या खोलीत पाऊल टाकू नका.

"आता एआय स्कॅन वाचतं" अशा बातम्या येतात. त्यात तथ्य आहे. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीच्या संशोधकांनी भारतातल्या ३ लाखांहून अधिक डोक्याच्या सीटींवर काम करून रक्तस्राव, हाडाची मोड वगैरे ओळखणारी प्रणाली केली, आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला. रात्री रेडिओलॉजिस्ट हजर नसलेल्या ठिकाणी अशी प्रणाली "हा सीटी आधी बघा" म्हणून घंटा वाजवू शकते. उपचार ती ठरवत नाही. आणि माणूस सीटीपर्यंत पोचलाच नाही तर ती वाचणार काय?

पायरी ५ : सही करण्याआधी

इंजेक्शनसाठी संमतीपत्र पुढे येतं तेव्हा घरातले दहा जण दहा दिशांना फोन लावतात. निर्णय कोण घेणार ते गाडीतच ठरवा, एकच माणूस.

धोका खरा आहे. १९९५ च्या अभ्यासात इंजेक्शन दिलेल्यांपैकी ६.४ टक्के लोकांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत ०.६ टक्के. तरीही तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरं होण्याची शक्यता इंजेक्शनवाल्यांत निदान ३० टक्क्यांनी जास्त होती. डॉक्टरांना थेट विचारा: "आमच्या पेशंटला फायदा जास्त की धोका? तुम्ही काय कराल?"

टीपीए तासभर शिरेतून सोडावं लागतं. टेनेक्टेप्लेज हे त्याचं नवं भावंड एकाच दमात देता येतं, त्यामुळे लहान रुग्णालयातून मोठ्या ठिकाणी हलवताना सोयीचं. २०२२ मध्ये कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात ते टीपीएइतकंच चांगलं ठरलं, आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने पक्षाघातासाठी त्याला परवानगी दिली. आपल्याकडे पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने बनवलेलं टेनेक्टेप्लेज त्याच्या बऱ्याच आधीपासून वापरात आहे.

पैशांचं आधी विचारण्यात लाज नाही. तारेच्या उपचाराचा खर्च लाखांत जातो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि हा उपचार त्यात बसतो का, ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. हे एकाने विचारावं, तोवर दुसऱ्याने सही करावी.

रक्तस्राव निघाला तर रस्ता वेगळा: बीपी तासाभरात उतरवणं, साखर आणि ताप आटोक्यात ठेवणं, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा उतारा देणं. ही साधी कामं एकत्र आणि लगेच केली तर रुग्ण जास्त चांगले सावरतात, असं भारतासह दहा देशांतल्या ७ हजार रुग्णांच्या 'इंटरॅक्ट-३' अभ्यासात २०२३ मध्ये दिसलं.

बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत तरुण बाईचं डोकं सतत दुखत असेल, फिट आली असेल किंवा हात-पाय जड झाला असेल, तर मेंदूच्या शिरेतल्या गुठळीचा विचार व्हायला हवा. तिथे साध्या सीटीवर न थांबता "व्हेनोग्राम (मेंदूच्या शिरांचा स्कॅन) करायचा का?" हे विचारा. "बाळंतिणीला वारं लागलं" म्हणून खोली बंद करून शेकत बसू नका.

पायरी ६ : वॉर्डातले दिवस

गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही. भेटायला येणारी मंडळी शहाळं घेऊन येतात आणि प्रेमाने चमचा पुढे करतात. पलंगावर कागद चिकटवा. आम्ही लिहिलं होतं: "काहीही भरवू नये. देवाचं तीर्थसुद्धा." शेवटची ओळ लिहावी लागली, यावरून समजा.

उठवायचं कधी? "जितक्या लवकर तितकं चांगलं" असं वाटतं. पण २०१५ च्या 'ॲव्हर्ट' अभ्यासात, पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांत, पहिल्या २४ तासांतच भरपूर उठवून चालवलेल्यांचा निकाल किंचित वाईट निघाला. चांगले बरे झालेले त्यांच्यात ४६ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ५० टक्के. थोडा थोडा वेळ, पण वारंवार, हे पुढच्या विश्लेषणात बरं दिसलं. फिजिओ सांगतील तेव्हा आणि तेवढंच.

लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका. खांदा निखळतो आणि ते दुखणं वर्षभर पुरतं. आत्याला बसवताना मी तेच केलं आणि नर्सच्या शिव्या खाल्ल्या. दंडाखाली उशी हवी, आणि उचलताना हात पाठीमागून घालायचा.

डिस्चार्जच्या वेळी फिल्मवर समाधान मानू नका, स्कॅनची सीडी मागून घ्या. शिवाय तीन उत्तरं लेखी घ्या: झटका कशामुळे आला (हृदयाची लय, मानेची वाहिनी, बीपी, साखर), कोणती गोळी कायमची आणि कोणती ठरावीक दिवसांची, आणि बीपी किती ठेवायचं. बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य सांगितलं जातं.

पायरी ७ : घरी

नातेवाईकांना शिकवून घरीच व्यायाम करून घेतले तर फिजिओची उणीव भरून निघेल का? हा प्रश्न आपल्याच देशात तपासला गेला. 'अटेंड' अभ्यासात भारतातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. याचा अर्थ घरचा व्यायाम सोडा असा मी घेत नाही. पण दहा मिनिटं हात वर-खाली केला की काम झालं, असंही समजू नये. जमेल तितके दिवस प्रशिक्षित फिजिओ लावा. तालुक्याला मिळत नसेल तर महिन्यातून एकदा शहरात दाखवून पुढच्या महिन्याचे व्यायाम मोबाइलवर चित्रित करून आणा. व्यायाम कामाशी जोडलेला बरा: शेंगा सोलणं, निरांजनाच्या वाती वळणं, पोळपाट धरणं. आत्या रबरी चेंडू दाबायला कंटाळायची, पण लसूण सोलायला बसली की तास जायचा.

बोलणं गेलेल्या माणसाची बुद्धी गेलेली नसते. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी तिसऱ्या माणसासारखं बोलू नका. प्रश्न हो-नाहीत उत्तर येईल असे विचारा, आणि थांबा. आपण फार लवकर त्यांचं वाक्य पूर्ण करतो. गमतीची गोष्ट अशी की आत्याला "पाणी" म्हणता येत नव्हतं तेव्हा हरिपाठाच्या ओळी सलग म्हणता यायच्या. पाठ असलेलं आणि चालीतलं बऱ्याचदा शिल्लक राहतं. वाचा-उपचार करणाऱ्यांना हे माहीत असतं आणि ते त्याचा उपयोग करून घेतात.

पक्षाघातानंतर उदास होणारे पुष्कळ असतात. रडणं, न जेवणं, "मला जाऊ द्या" म्हणणं याला स्वभाव म्हणून सोडू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.

आणि गोळ्या. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बरं वाटू लागतं आणि नेमक्या तेव्हाच त्या सुटतात. २०२३ मध्ये निकाल आलेल्या 'स्प्रिंट इंडिया' अभ्यासात ४ हजारांहून अधिक भारतीय रुग्ण होते. त्यातल्या एका गटाला त्यांच्या भाषेत संदेश, चित्रफिती, पुस्तिका दिल्या. वर्षभरात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण त्याने कमी झालं नाही. असे लेख लिहिणाऱ्याने हा निकाल भिंतीवर लावून ठेवावा. आमच्याकडे कामाला आला तो आठवड्याचा सात कप्प्यांचा डबा, आणि रोज रात्री तो रिकामा झाला का ते बघणारी आठवीतली नात.

आणि ते दहा मिनिटांत बरं झालेलं

कधी कधी हात लुळा पडतो, जीभ अडखळते आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. गुठळी आली आणि वाहून गेली. याला सूट समजू नका. मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, स्कॅन करायचा, मान आणि हृदय तपासायचं. अशा आणि सौम्य झटक्याच्या रुग्णांना ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल पहिले २१ दिवस दिलं तर तीन महिन्यांत झटका येणाऱ्यांचं प्रमाण ११.७ वरून ८.२ टक्क्यांवर आलं, असं चीनमधल्या ५,१७० रुग्णांच्या अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवलं. ही गोळ्यांची जोडी स्कॅन झाल्यावर, डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यायची.

आत्याच्या उपचाराच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "याआधी असं काही झालं होतं?" आम्ही नाही म्हणालो. कोपऱ्यात उभी असलेली चुलतवहिनी म्हणाली, "आदल्या आठवड्यात आत्याबाईंच्या हातातून चहाचा कप सुटला होता. उजव्याच. त्या म्हणाल्या, कान निसरडा होता."